खिडकीच्या खोलीसाठी

आज टपालाने आले ते असे : बोटीची तिकिटे दोन, परतीसह, निम्मी रक्कम यांच्या फंडातून, निम्मी माझ्या शिवणाच्या शिलकीतून. सामानाला बांधायच्या चिठ्ठ्या चार. बोटीचा घडीचा नकाशा एक. बुडताना घालायच्या जाकिटाचे पत्रक एक. चिठ्ठ्या, नकाशा व पत्रक फुकट. ते पत्रक वाचूनच हा कागद लिहायला घेतला.

मी, खाली सही करणारी, वय एकसष्ट, मॅट्रिक पास, देवासमोर बसून, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, पूर्ण शुद्धीवर राहून लिहिते. अक्षर वाकडे आले आहे ते भीतीने. बुद्धी ठिकाणावर आहे. यापूर्वी मृत्युपत्र केलेले नाही, कारण यापूर्वी पाण्यावर गेले नाही.

१. आम्ही दोघेही न परतल्यास राहते घर आमच्या एकुलत्या लेकीचे. हे एकटे परतले तर घर यांचे, आणि लेकीने यांना निदान चहा करायला शिकवावे.

२. शिवणयंत्र लेकीला. उजवा स्क्रू सैल आहे, कागदाची घडी घालून बसवला आहे. घडी काढू नये.

३. जाऊबाईंनी आठ वर्षांपूर्वी नेलेले मोठे पातेले त्यांनाच दिले असे समजावे. झाकण माझ्याकडे आहे, ते लेकीचे. बोटीचे कळल्यावर त्या म्हणाल्या होत्या, "तुम्ही तिथे जाऊन काय करणार, भांडी मोजणार?" म्हणून झाकण लेकीचे.

४. मागाहून कोणी यांना बोल लावू नये म्हणून लिहिते. यांनी एकतीस वर्षे याच बोटीच्या धुलाईखान्यात इस्त्री केली. धुलाईखाना तळाशी. वरचा जिना, पाऊल रुतेल असा गालिचा, यांनी काही पाहिले नाही. वर काय जेवले ते टेबलक्लॉथच्या डागांवरून ओळखायचे. सुटीवर आले की ते डाग सांगत बसत, आणि माझे निवडणे तसेच राहायचे. वाढप्यांकडून ऐकलेलेही सांगत. वर लोक आरामखुर्चीत पांघरूण घेऊन काही न करता बसतात, आणि कोणीतरी येऊन विचारते, काय आणू? हा प्रश्न या घरात चाळीस वर्षे मीच विचारते आहे. तेव्हा मलाही जायचे होते. भीती वाटते तरी जायचे आहे. यांनी ओढून नेलेले नाही.

५. चूक माझी. दरपत्रकातली शेवटची ओळ सर्वांत स्वस्त, म्हणून यांना न विचारता तिच्यावर खूण केली. झोपायलाच तर जायचे, असा माझा हिशेब. आज नकाशा उघडला. यांनी आमच्या खोलीवर बोट ठेवले ते बराच वेळ उचलले नाही. मग म्हणाले, "भिंतीपलीकडेच माझं इस्त्रीचं टेबल. आवाज ओळखीचा आहे, झोप लागेल."

मी खिडकीचे विचारले.

"पाण्याखाली कसली खिडकी गं," म्हणाले, आणि चष्मा पुसत बसले.

तेव्हापासून डोळे मिटले की भिंतीला बाहेरून टेकलेले पाणी दिसते. उशी पोटाला बांधून जाकिटाचा सराव केला; गाठ तिसऱ्या खेपेला बसली. वर गेले तरी तेच पाणी खिडकीतून समोर. मला कुठेच धीर नाही. पण यांना वरून समुद्र पाहायचा आहे, आणि हे तोंडाने मागणार नाहीत.

६. म्हणून माझ्या अंत्यविधीसाठी लेकीकडे ठेवलेली रक्कम मोडून वरच्या मजल्यावरची खिडकीची खोली घ्यावी. बुडाले तर त्या रकमेचा उपयोग नाही. परतले तर पुन्हा साठवीन.

७. देवापुढचा दिवा शेजारच्या मास्तरीणबाईंनी लावावा. वीस दिवसांचे तेल मोजून ठेवले आहे. एकविसाव्या दिवशी आम्ही आलो नाही तर पदरचे घालावे, पण विझू देऊ नये.

स्थळ : राहते घर, स्वयंपाकघर
दिनांक : ३ ऑक्टोबर

सही

साक्षीदार :
मास्तरीणबाई (सही)
घड्याळजी, समोरचे दुकान (सही. जाकिटाच्या सरावाची वेळ त्यांनीच घड्याळावर मोजली.)

लेकीस : हा कागद जपून ठेव. तुझ्या घरापासून बोटीची कचेरी जवळ आहे, आजच जा. यांना यातले काही बोलू नकोस. खिडकी मिळाली की नाही, तेवढे मात्र उलट टपाली कळव.