आईची दोन दारांची गाडी

ताथवडे,
२० जुलै २०२५

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार. तुम्ही सगळे खुशाल असाल. वहिनीचा खांदा आता कसा आहे? इकडे आम्ही ठीक. गणराजची शिफ्ट बदलली, त्यामुळे सकाळची सगळी पळापळ माझ्या अंगावर आलीय, पण निभतंय. सोबत राखी आहे. दरवर्षी तिच्याबरोबर चार ओळी असतात. यंदा पत्र लांबणार, कारण फोनवर तू बोलत राहतोस, मी हं हं करते, आणि फोन ठेवल्यावर मला सांगायचं होतं ते आठवतं.

तुला गाडीचा फोटो कुणी पाठवला ते मी ओळखलंय. तू विचारलंस, आईला कुणी फसवलं का, आणि तू तेव्हा कुठं होतीस? कुणी फसवलं नाही, दादा. आणि मी तिच्या शेजारच्या सीटवर होते.

पहिल्यापासून सांगते. मार्चमध्ये आई म्हाळुंग्याहून डबे पोचवून परत येत होती. तुझा समज आहे की तिनं व्हॅन चालवणं सोडलं. सोडलेलं नाही. कुरुळीच्या गाळ्यात स्वयंपाकाला दोघी बाया आहेत, पण कंपन्यांच्या गेटवर डबे अजून तीच नेते. तर रस्त्याच्या कडेला एक लांबट, जमिनीला टेकल्यासारखी गाडी बॉनेट उघडून उभी. भोवती माणसं जमलेली, सगळी फोटो काढणारी. मालक बिचारा उन्हात फोन कानाला लावून. आईनं व्हॅन थांबवली, त्याला ताक दिलं, उरलेला एक डबा दिला. ज्ञानेश काळभोर त्यांचं नाव, भोसरीत त्यांचं डाय, म्हणजे लोखंडी साचे, बनवायचं वर्कशॉप आहे. गाडी उचलून न्यायला ट्रक येईपर्यंत दोघं बोलत बसले. ते म्हणाले, फार हौसेनं घेतली, आता पाठीचं ऑपरेशन झालंय, इतक्या खाली बसवत नाही, विकणार आहे. आई म्हणाली, मी जरा आत बसून बघू का? त्यांनी दार उघडून दिलं.

संध्याकाळी तिचा मला फोन. "वर्षू, इटलीच्या गाड्या कशा असत्यात गं?"

मला वाटलं, गेटवर कुणाशी पैज लागली असेल. मी म्हटलं, दिसायला देखण्या असतात आणि बंद पडतात.

"ते दोन्ही मी आज बघितलं," ती म्हणाली. "त्याच्यापुढचं सांग."

गाडीचं नाव मी इथं लिहीत नाही. तू लगेच किंमत शोधशील आणि पत्राचं पुढचं काही वाचणार नाहीस. रंग मात्र सांगते. आपल्या भरल्या वांग्यांचा असतो ना, तसा, उन्हात जांभळा आणि सावलीत काळा.

मी तिला परावृत्त करायचंच ठरवलं होतं. वायरिंगच्या कंपनीत इतकी वर्षं काढली, जुन्या परदेशी गाडीच्या वायरिंगची मला धास्तीच आहे. म्हटलं, तिला सगळं दाखवू, भाव कळला की आपोआप गप्प बसेल. म्हणून आधी मुंबईच्या शोरूमला नेलं, कारण त्या कंपनीचं पुण्यात काहीच नाही. तिथं कॉफी दिली, काचेच्या टेबलाशी बसवलं. बोलणारा माणूस सगळं मला सांगत होता, आणि प्रश्न विचारत होती आई. सर्व्हिसला गाडी दर वेळी इथं आणायची का? घाटात बंद पडली तर कोण येणार? तीन वर्षांनी विकायला काढली तर तुम्ही घ्याल का, आणि किती कापाल? शेवटच्या प्रश्नाला तो माणूस पहिल्यांदा तिच्याकडे वळला. म्हणाला, मॅडम, खरं सांगतो, नवी गाडी शोरूमच्या बाहेर पडली की तिथंच मोठा तुकडा गळतो. आई मला जिन्यात म्हणाली, मानूस चांगला हाय, पन नवी घेनं म्हंजी येडेपना.

म्हणजे जुनी घेणं येडेपणा नाही, हे तिचं ठरलेलं होतं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी तिला रोखायला निघाले होते आणि ती खरेदीला.

बाणेरला महागड्या जुन्या गाड्यांचा एक व्यापारी आहे. त्याच्याकडे तशीच एक होती, आणखी चकचकीत, वर्षाची वॉरंटी देत होता. पण सर्व्हिसचं रेकॉर्ड मागितलं की 'मागवतो' म्हणायचा. मी धम्मरत्नला नेलं होतं. तो माझ्याबरोबर पॉलिटेक्निकला होता, आता कासारवाडीत परदेशी गाड्यांचंच गॅरेज चालवतो. त्यानं रंगाची जाडी मोजायचं यंत्र दारावर लावलं आणि माझ्याकडे बघून मान हलवली. दार ठोकून पुन्हा रंगवलेलं. आम्ही चहा पिऊन निघालो.

राहिली काळभोरांची. धम्मरत्ननं ती दोन दिवस ठेवून घेतली, वर उचलली, लॅपटॉप जोडला, एकेक बघितलं. या गाडीत क्लच आहे पण पायाला नाही, यंत्रच तो दाबतं, आणि किती झिजलाय ते कॉम्प्युटरवर दिसतं. अर्ध्याहून जास्त शिल्लक होता. त्या दिवशी बंद पडली ती बॅटरी भरणारा अल्टरनेटर गेल्यामुळे, तो नवा बसवलेला. इंजिन निरोगी. उजव्या दाराच्या वायरी मात्र कडक झालेल्या, पुढच्या चाकांचे रबर बुश गेलेले, आणि कुठलाही पार्ट मागवला की महिना दीड महिना वाट बघायची. रेकॉर्ड पहिल्या दिवसापासूनचं. बारा वर्षांची गाडी, म्हणजे पुन्हा पासिंग करायला अजून तीन वर्षं. त्याच्या आत विकली तर गिऱ्हाईक मिळेल, नंतर अवघड.

धम्मरत्न तिला म्हणाला, "काकू, भरवसा हवा असेल तर जपानी घ्या. ही घेतली तर महिन्या दोन महिन्याला माझं तोंड बघावं लागेल."

"तोंड बरं हाय तुझं," आई म्हणाली. मग विचार करून म्हणाली, "माझे गुडघे किती टिकतील, तीन वर्सं? तवर ही टिकली म्हंजी झालं. मग इकू, आन् येतील त्यात नवी व्हॅन घिऊ."

दादा, तू म्हणतोस तसं तिला वेड लागलं असतं तर हा हिशेब तिनं केला नसता.

पैसे कुठून आले ते तुला माहीत आहे. निघोज्याच्या जमिनीतल्या तिच्या वाट्याचे. त्या विषयावर आपण दोघं कधी बोललो नाही. तू इतकंच म्हणाला होतास की आईनं उगाच मामांशी वाकडं घेतलं. मीही तेव्हा काही बोलले नव्हते.

मे महिन्यातल्या एका गुरुवारी काळभोरांनी तिच्या हातात किल्ली दिली. म्हणाले, तुम्ही दोघी फिरून या, मी मागच्या सीटवर मावत नाही. गुरुवार म्हणजे अर्ध्या कंपन्यांना सुट्टी, रस्ते रिकामे. आईनं चपला काढून सीटमागं ठेवल्या, पदर खोचला, आरसे लावून घेतले. मग इंजिन सुरू केलं.

तो आवाज मला लिहिता येणार नाही. कंपनीत मी रोज गाड्यांचे आवाज ऐकते. हा आधी पाठीला लागला, मग कानाला. वर्कशॉपमधली माणसं हातातली कामं टाकून बाहेर आली. आई मात्र शांत. मोशीपर्यंत तिनं गाडी अशी नेली, जशी कुणाची बाळंतीण नेतेय. प्रत्येक गतिरोधकाला थांबून, तिरपी घालून. ट्रकवाले स्वतःहून बाजू देत होते. चाकणच्या चौकात एका टेम्पोतल्या बायकांनी आत वाकून बघितलं आणि चालवणारी पातळ नेसलेली बाई दिसल्यावर त्या एकदम ताठ बसल्या. एकीनं कपाळाला हात लावून नमस्कारच केला.

पुढं एमआयडीसीचा तो रुंद, सरळ सिमेंटचा रस्ता लागला. समोर कुणी नव्हतं. आईनं एकदा माझ्याकडे बघितलं आणि पाय दाबला.

दादा, मी त्या सीटमध्ये मागं ढकलली गेले आणि मला श्वास घेता येईना. दोन्ही बाजूंचे कारखाने, कंपाउंड, गुलमोहोर, सगळ्याची एकच लाल-निळी रेघ झाली. मी आईकडे बघत होते. तिचे हात स्टिअरिंगवर हलके होते, ओठ जरा उघडे, आणि चेहरा असा, जो मी जन्मापासून कधी पाहिला नव्हता. या बाईनं मला न्हाऊ घातलं, वेणी घातली, अण्णांच्या शेवटच्या दिवसांत त्यांना उचलून बसवलं. मला वाटत होतं की मी तिला ओळखते. मला त्या क्षणी तिच्यापुढं फार लहान वाटलं, आणि ते लहान वाटणं फार सुखाचं होतं.

मग तिनं वेग उतरवला, आणि न सांगता गाडी निघोज्याकडे वळवली. आजोबांची जमीन होती तिथं आता गोदाम आहे, निळ्या पत्र्यांचं. भिंतीलगत तिनं गाडी उभी केली. गेट आहे तिथं त्यांचा गोठा होता म्हणाली. मी तिला विचारलं, अण्णासुद्धा सही करून टाक म्हणत होते, मग तू का नाही केलीस?

तिनं इंजिन बंद केलं.

"थोरल्या भावानं पेन दिला हातात. म्हनला, रीत हाय, समद्या बहिनी करत्यात. मी म्हनलं, वाचते आधी. त्यात लिव्हलं व्हतं, मी राजीखुशीनं माझा हक्क सोडते. मी राजी नव्हते, वर्षू. आन् खुशी बी नव्हती. मंग सही कशी करायची?"

मी विचारलं, भीती नाही वाटली?

"वाटली की. आजबी वाटती. भाऊबीज आली का दिसभर दाराकडं कान असतो माझा." मग म्हणाली, "पैसा आल्यावर समद्यांनी सांगितलं, फ्लॅट घे, सोनं कर, नातवाच्या, प्रज्वलच्या नावानं टाक. ह्या गाडीत बसले तवा मला पैल्यांदा काहीतरी हवंसं वाटलं. म्हनलं, आता हे घालवायचं न्हाई."

दादा, त्या वेळी तुझा कागद माझ्या पर्समध्ये होता. एप्रिलपासून तिथंच आहे. अण्णांच्या शाहूनगरच्या घराचा. तू लिहिलं होतंस, फॉर्मॅलिटी आहे, एकाच नावावर असलं की बिल्डरला सोपं पडतं, तू सही करून ठेव, डिसेंबरात येऊन आईचीही घेतो, मग रजिस्टर करू. दोनदा तू फोनवर विचारलंस आणि दोनदा मी म्हटलं, बघते. तुला वाटलं असेल, कामात विसरली. मी विसरले नव्हते. मी तो पुन्हा पुन्हा काढून वाचत होते. त्यातही तेच शब्द आहेत.

आईला मी यातलं काही सांगितलेलं नाही. अजूनही नाही. तिला कळू नये असंच मला वाटतं, कारण आपल्या दोघांमध्ये हे आलं याचं तिला जे वाईट वाटेल ते मला बघवणार नाही.

गाडी जूनमध्ये तिच्या नावावर झाली. पैसे सगळे गेले नाहीत, काळजी करू नकोस, बरेचसे बँकेत तिच्याच नावावर आहेत. डबे अजून व्हॅननंच जातात. गुरुवारी ती पहाटे आंघोळ करून निघते आणि देहूपर्यंत जाऊन येते. कधी मी असते, कधी एकटी. धम्मरत्नकडे एकदा जावं लागलं, दाराची काच वर येईना म्हणून.

आणि मागच्या आठवड्यात थोरले सोपानमामा आले. इतक्या वर्षांनी. कुणी बोलावलं नव्हतं. दारात चप्पल काढली नाही, गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, वाकून खालून बघितलं. विचारलं, अव्हरेज काय देती? आईनं खरं ते सांगितलं. ते म्हणाले, "पैसा पान्यात घातलास, सुभद्रे." मग चपला काढून आत आले आणि चहा घेतला. धाकटे मामा आलेले नाहीत. आईनं त्या दिवशी दुपारी मला फोन करून, त्यांनी चहा पुरा संपवला, हे दोनदा सांगितलं.

तुझा कागद या पाकिटात परत पाठवते आहे. सही केलेली नाही. रागानं नाही, आणि घराच्या भावासाठीही नाही. तू डिसेंबरात ये, आपण तिघं बसू. विकायचं ठरलं तर विकू, तिघांच्या नावानं. नाही ठरलं तर तुझी वरची खोली मी झाडून ठेवते तशी ठेवत राहीन. हे लिहिताना मला भीती वाटते आहे. तुझा फोन आला नाही तर काय, याचा विचार मी करून ठेवला आहे, आणि तो मला फार जड जातोय. तरी पाठवते आहे.

आईनं तुला एक निरोप दिलाय. विमानतळावर घ्यायला ती स्वतः येणार आहे, त्याच गाडीतून. एकच बॅग आण म्हणाली, डिकी लहान आहे. वहिनी आणि मुलांना मी व्हॅनमधून आणीन.

वहिनीला नमस्कार, मुलांना गोड पापा. लोभ आहे तसा राहू दे. वाटाही राहू दे.

तुझीच धाकटी बहीण,
वर्षाली