ओला बनियन

वैशाख, शुक्रवार, संध्याकाळ

पदर अजून ओला आहे, पानावर डाग येणार. येऊ दे.

माझ्या नातीला, मीनूला, जन्मापासून घाम येत नाही. डॉक्टर म्हणाले, अंग ओलं ठेवा, तोच तिचा घाम. म्हणून उन्हाळाभर तिच्या अंगात ओला बनियन. त्याच दुखण्यापायी दात चारच, तेही टोकदार, पण हसली की मी चुलीवरचं दूधसुद्धा विसरते.

आज वन्संकडे बारसं होतं. मीनू पाळण्याशी गेली, तशा वन्सं कडाडल्या, "ओलेत्यानं बारशाला? मसणातून आलात काय, वहिनी?" बायका हसल्या. वन्संनी बनियन काढला, रेशमी पावाडै, तो पायघोळ परकर, घातली. आणि मी? मी म्हटलं, "गोड दिसतेय." दिसतच होती हो! पण बनियन काढताना माझे हात कुठे होते?

पायसम वाढेपर्यंत पोर लालबुंद, अंग तव्यासारखं, हाक मारली तर ओ नाही. मी तिला उचलून रेशमासकट नळाखाली धरलं. मागून वन्सं, "अहो, पट्टू भिजलं, पट्टू!" पोर नाही दिसली त्यांना, पट्टू दिसलं, त्यांचं रेशीम.

बऱ्याच वेळानं मीनूनं डोळे उघडले. म्हणाली, "आज्जी, अजून पाणी."

बनियन तिथंच राहिला. राहू दे. पुढच्या शुक्रवारी त्यांच्याकडेच मुंज आहे. मी माझं लुगडं भिजवून, ओलेती, मीनूचा हात धरून त्यांच्या दारात उभी राहीन. मग विचारा म्हणावं, कोण मेलं.