दोन मुळं, एक वेष्टण

सोनाळा

तीर्थरूप कोकिळाबाईस, धाकट्या पंजाबचा साष्टांग नमस्कार (कंबर वाकत नाही, म्हणून सध्या कागदावरच). भाऊजींचा खोकला आता कसा आहे? छकुलीची परीक्षा पार पडली असेल. इकडे सारे मजेत, एक माझा डावा पाय सोडून. फोनवर तू मधेच बोलतेस आणि माझी हकीकत पुरी होत नाही, म्हणून पत्र.

कमरेतून पार पोटरीपर्यंत कळ यायची. एका डॉक्टरांनी एमआरआय पाहून सांगितलं, मणक्यांमधली गादी फाटून तुकडा बाहेर आला आहे, काढून टाकू. मी म्हटलं, काढा. पण जयमालानं (तुझी भावजय लुगडंसुद्धा एका दुकानात पाहून घेत नाही) मला बुलढाण्याला डॉ. मयुरी मॅडमकडे नेलं. वयानं आपल्या पोरीएवढी, म्हणून मी जरा ऐटीतच बसलो. तिनं फिल्म उजेडावर धरली, पुन्हा बारीक चित्रं काढायला लावली आणि म्हणाली, "काका, हा तुकडा नाहीच. ही तुमची नस आहे. कण्यातून खाली येणाऱ्या नसांची मुळं एरवी वेगवेगळी निघतात, तुमची दोन मुळं जन्मापासून एकाच वेष्टणात आहेत. तुकडा समजून कोणी ओढली असती, तर पाऊल कायमचं लुळं पडलं असतं." सध्या गोळ्या घ्या, आराम करा, ओझं उचलू नका, म्हणाली.

बाई, खोटं कशाला सांगू, मला अभिमानच वाटला. अख्ख्या संग्रामपूर तालुक्यात अशी नस कोणाची असेल? (मॅडम म्हणाल्या, बऱ्याच जणांची असते, त्यांना कळत नाही. हे मी गावात सांगितलं नाही.) पानठेल्यावर मी फिल्म घेऊनच जायचो. तिथे आपल्या शेजारच्या कडूबानं विचारलं, "दोन नसा एकत्र म्हंजे ताकद बी डबल असन ना बे?" मी म्हटलं, "हाव, पाह्य आता!" आणि संत्र्यांचं भरलेलं कॅरेट उचललं. उचललं गेलं, हे खरं. ठेवताना मात्र कमरेत वीज चमकली, आणि घरी येताना डाव्या पायातली चप्पल कुठे गळाली ते कळलंच नाही. अंगठा वर होईना. जयमाला जाऊन चप्पल घेऊन आली. खाली बसून तिनं ती माझ्या पायात घातली. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी टाचांवर चालायला सांगितलं. डावी टाच ऐकेना. आता ऑपरेशन ठरलं आहे. नस ओढायची नाही, तिच्याभोवतीचं हाड जरा जास्त कोरून वाट मोकळी करायची. मी सांगितलं, "बिनधास्त करा मॅडम, मले काही भेव नाही." पाऊल पहिल्यासारखं होईल म्हणाल्या ('बहुतेक' म्हणाल्या, पण तो शब्द त्यांच्या सवयीचा असावा). तेव्हा निश्चिंत राहा. मुद्दाम यायची काहीच गरज नाही.

तुझा भाऊ,
पंजाब

ता. क. आलीस तरी हरकत नाही. ऑपरेशन सोमवारी आहे. जयमाला मनातून फार घाबरली आहे, तिला सोबत होईल.

ता. क. बाई, मी जयमाला. टपालानं उशीर होईन म्हणून या पत्राचा फोटो मोबाईलवर पाठवून राह्यली. मी काही भेली नाही. तुमचे भाऊच जेवता जेवता इचारते, "बाई येईन का वं?" दवाखान्याच्या कागदावर अजून सही केली नाही. म्हणते, बाई आल्यावरच करतो. सकाळची बस धरा.