दादाच्या गच्चीवरचा दिवा

४ जानेवारी
आज सकाळी उन्हं यायच्या आत गच्चीवर गेलो आणि दुर्बिणीच्या तोंडावर माझा धुतलेला बनियन ताणून बसवला. वरून रबर. मग त्या बनियनमधून पांढऱ्या आकाशाचे तीस फोटो काढले! काचेवर धूळ कुठे आहे ते या कोऱ्या फोटोंवरून कळतं, मग रात्रीच्या फोटोतून ती काढून टाकता येते. शास्त्र आहे. पण शेजारच्या गच्चीवर वहिनी कपडे वाळत घालत होत्या. त्यांनी बनियन पाहिला, मला पाहिलं, आणि तोंड फिरवून हसल्या. चार वर्षांत दादाच्या घरातून आलेलं पहिलं हसू. तेही बनियनला.

७ जानेवारी
मृगातला तेजोमेघ कॉम्प्युटरवर उघडला. एकेक मिनिटाचे नव्वद फोटो, एकावर एक रचलेले. मधला भाग सुरेख – गुलाबी, उमललेला. डावी बाजू मात्र जुन्या पुस्तकाच्या पानासारखी पिवळट. कारण ठाऊक आहे. दादाच्या गच्चीच्या जिन्यावरचा दिवा. रात्रभर चालू. मधे फक्त एक कठडा.
ही म्हणाली, "अहो, जाऊन सांगा ना, दोन तास बंद ठेव म्हणून. सख्खा भाऊ आहे!"
म्हणालो, "सॉफ्टवेअरने काढता येतो."
"कोण? भाऊ?"

११ जानेवारी
तीन खोकी फोडून कठड्यावर पुठ्ठ्याची भिंत उभारली. वाऱ्याने पाडली – नेमकी दादाच्या गच्चीत. सकाळी सगळे पुठ्ठे आमच्या दाराशी, सुतळीने नीट बांधलेले. गाठ दादाचीच. ती सोडवायला मला लहानपणीही दात लागायचे. आजही लागले.

१६ जानेवारी
वजनकाटे दुरुस्तीच्या आमच्या वर्कशॉपात दिव्याची बातमी पोचलीच. लेथवरचा टर्नर म्हणाला, "मी शिडी लावून बल्ब काढून आणतो. चोरी माझ्या नावावर!" सगळे हसले. मी हसलो नाही. चहा संपेपर्यंत गांभीर्याने विचार करत होतो. वय वर्षं एकोणपन्नास.

२० जानेवारी
वहीशी तरी खोटं कशाला बोलू?
आई गेली त्या दिवशी सगळ्यांसमोर मी दादाला म्हणालो, "तू वेळेवर दवाखान्यात नेलं असतंस तर आज ती असती." दोन महिन्यांनी आईला इंजेक्शन द्यायला घरी यायच्या त्या नर्सबाईंनी सांगितलं – दादाने तीनदा गाडी आणली होती. आईच नाही म्हणाली. वर दादाला बजावलं, धाकट्याला कळू देऊ नकोस, तो घाबरट आहे.
तेव्हापासून रोज सकाळी देवाची माफी मागतो. देवाची मागायला सोपी जाते. तो शेजारी राहत नाही.

२५ जानेवारी
सॉफ्टवेअरने पिवळेपणा काढला! साफ! आनंदाने हिला हाक मारली. मग दिसलं – तेजोमेघाच्या कडेचे धुरासारखे पदरही गेले. तेही त्या दिव्याइतकेच फिके. आपलं कुठलं आणि दादाचं कुठलं, हे यंत्राला कसं कळणार?
"आधीचाच बरा होता," ही म्हणाली, आणि भाजी चिरायला गेली.

२९ जानेवारी
उद्या संध्याकाळी जायचं. वाक्य पाठ केलं : "दादा, तुझा तो जिन्यावरचा दिवा…" आरशासमोर चार वेळा. 'दादा'च्या पुढे आवाज फुटत नाही.

३० जानेवारी
ढग. सुटलो!

२ फेब्रुवारी
आभाळ लख्ख. गेलो नाही. दुर्बिणीचे स्क्रू आवळत बसलो. आवळलेलेच होते.

३ फेब्रुवारी
सकाळी प्रार्थनेला बसलो. माफीपाशी आलो आणि पुढचे शब्दच सुचेनात. तसाच उठलो, अनवाणी शेजारी गेलो. दादा दाढी करत होता. पाठ केलेलं वाक्य राहिलंच. म्हणालो, "दादा, आईच्या बाबतीत तुझ्यावर मी खोटा आळ घेतला. खरं काय ते कधीचं ठाऊक आहे मला."
तो आरशातूनच बघत राहिला. गालावरचा साबण वाळला.
"बस," म्हणाला.
बसलो.