चाळीस सेकंद

६ मे, अबांकाय
माफ कर, वही. कार्निवलनंतर तुला उघडलंच नाही. कारण एकच — कॅल्क्युलेटर. मोजणीचा जुना प्रोग्रॅम त्याच्याच बटणांनी लिहिलेला. उत्तर येईपर्यंत डोंगरावर बोटं गोठायची. आता घरच्या संगणकावर सी भाषेत लिहिते, कंपाइल करते, मेमरी कार्डावरून कॅल्क्युलेटरमध्ये घालते. पापणी लवायच्या आत उत्तर! हरखून गेलेय, खरं सांगते.

९ मे
कालव्याच्या मोजणीची वरची फेरी जुळत नाही. फिरून पहिल्या खुंटावर आलं की कोनांची बेरीज जुळायला हवी. फरक चार मिनिटं चाळीस सेकंद. खालची फेरी मी इलेक्ट्रॉनिक यंत्राने मोजली — चोख. वरची आमच्या जुन्या मोजणीदाराने, तायता फोर्तुनातोंनी (तायता म्हणजे इथल्या बोलीत बाबा), जुन्या थिओडोलाइटने, कोन मोजायच्या दुर्बिणीने. त्यावर फक्त अंश आणि मिनिटं दिसतात. त्यांचं वय सदुसष्ट. मग चूक कुणाची?

१२ मे
त्यांना पुन्हा वर चढवलं. तेच आकडे, तोच फरक. काठी धरणाऱ्या गड्यांदेखत मी त्यांना म्हणाले, डोळे तपासून घ्या. ते भाजलेला मका चघळत राहिले. मग म्हणाले, "डोळे म्हातारे झालेत, इंजिनियरबाई. डोंगर कुठे हलला नाही." गडी हसले. मी नाही.
दोनदा तीच चूक कशी होईल, हे मनात आलं होतं. बाजूला सारलं.

१३ मे
ऑफिसला लेखी कळवलं — थिओडोलाइट वाचायला दुसरा माणूस द्यावा. ओचोआसाहेबांनी सही केली.

१६ मे
तायतांची मोजणीची वही परत द्यायची म्हणून चाळली. शेवटच्या पानावर पेन्सिलीने बेरीज. फरक शून्य.
मीही कागदावर केली. शून्य!
मग एकेक कोन प्रोग्रॅमला दिला. ८४ अंश ३५ मिनिटं आपण ८४.३५ असं टाकतो. उत्तर आलं — ८४ अंश ३५ मिनिटं ४० सेकंद. सी भाषेत ८४.३५ हा आकडा नेमका मावत नाही, केसभर कमी बसतो. प्रोग्रॅममध्ये मी मिनिटांचा फक्त पूर्णांक तोडून घेतला होता, तो ३४ निघाला. उरलेलं सगळं सेकंदांत जाऊन पडलं, साठाऐवजी शंभर: चाळीस जास्त. असे सात कोन. सात वेळा चाळीस. माझ्या यंत्राचे कोन सेकंदांसकट येतात, तपासायला घेतलेली पुस्तकातली उदाहरणंही तशीच. म्हणून कधी दिसलं नाही.
दिसलं नाही, की पाहिलं नाही?

१७ मे
ओचोआसाहेब म्हणाले, प्रोग्रॅममध्ये दोष होता एवढंच लिहा, स्वतःचं नाव कशाला. नाव लिहिलं.
मग ताम्बुर्कोला तायतांच्या घरी. ते शेंगा सोलत होते. सगळं सांगितलं. बेरीज जुळते हे बोलला का नाहीत, विचारलं.
"तुम्ही वाचायला सांगितलं होतं. बेरीज कुणी मागितली?"
कामावर परत या, मी म्हणाले. त्यांनी एक अट घातली. मी हो म्हणाले.

१८ मे
प्रोग्रॅम दुरुस्त केला: आधी सगळ्याचे पूर्ण सेकंद करून घ्यायचे, मग तोडायचं. कागदाशी ताडून पाहिला.
उद्या: सहा वाजता वरच्या खुंटावर, गड्यांदेखत — यंत्रावर तायता, काठी मी धरायची.