सालीचा वास

प्रिय बारक्या,

फोन सोडून पत्र कुठून आलं म्हणून दचकू नकोस; फोटो काढून तुझ्या बायकोच्या फोनवर पाठवलंय, तीच तुला वाचायला देईल. फोनवर तू ‘ठणठणीत आहे गं’ म्हणून विषय उडवून लावतोस, आणि आज मला ते चालणार नाही. काल तुझ्या बायकोचा फोन आला होता. तुझ्या आतड्याच्या सुजेवरच्या गोळ्यांची सहा आठवड्यांची पाकिटं कपाटात तशीच, न फोडलेली सापडली म्हणे. सोमवारपासून शौचावाटे पुन्हा रक्त पडतंय, हेही तिनेच सांगितलं. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. सकाळी दूध न ओतताच रिकामं पातेलं गॅसवर ठेवलं.

तिच्यावर चिडू नकोस. ड्रायव्हिंग शिकवायच्या गाडीत तुझ्या पायाशी जास्तीचा ब्रेक असतो, पण पोटाला कुठला ब्रेक? शिकणाऱ्याला गाडी कडेला घ्यायला लावून तू दिवसातून चारदा संडासला पळतोस, हे तिला तुझ्याच एका शिकाऊ बाईंकडून कळलं. घाबरली आहे ती. मीही घाबरले आहे.

तू लहानपणापासून माझं ऐकत आलास, हीच तर गोची आहे. तू पाच वर्षांचा, मी नऊ. तू संत्र्याची बी गिळलीस आणि मी म्हणाले, आता पोटात झाड येणार. दुसऱ्या कुणी भोकाड पसरलं असतं. तू मात्र झाडाला पाणी मिळू नये म्हणून पाणीच प्यायचं सोडलंस, तेही ऐन उन्हाळ्यात! संध्याकाळी तुला चक्कर आली तेव्हा कुठे मी आईला खरं सांगितलं आणि दोन धपाटे खाल्ले. एरवी हे आठवलं की मला हसू आवरत नाही.

गोळ्या का सोडल्यास तेही मला ठाऊक आहे. दोन महिन्यांपूर्वी प्रयोगशाळेतून मीच तुला नाचत फोन केला होता. संत्र्याच्या सालीतल्या कडवट पदार्थाने आतड्याची सूज उतरते, आतलं अस्तर पुन्हा सांधतं, असं म्हणाले. उंदरांच्या आतड्याचं, हेही म्हणाले होते, पण इतकं भरभर की ते तुझ्यापर्यंत पोचलंच नाही. तू वाळवलेल्या सालींची पूड खात बसलास. गोळ्या चालू ठेवून पूड खाल्ली असतीस तर मी एवढी तळमळले नसते.

आता जे सांगायला बसले आहे ते सांगते. आमच्याकडे आतड्याचे पातळ काप काचेवर घेतात आणि सूज किती ते पाहून शून्य ते चार गुण देतात; सूज जास्त तर गुण जास्त. कुठली काच कुठल्या उंदराची, हे पाहणाऱ्याला कळता कामा नये, म्हणून काचांवर फक्त नंबर असतात. पण आतडी धुवून बाटल्यांत भरली होती मीच. साल खाल्लेल्या उंदरांच्या आतड्यांना धुताना संत्र्याचा वास यायचा. सात, बारा, एकोणीस, असे त्यांचे नंबर माझ्या डोक्यात बसले. मी तेव्हाच आमच्या प्रयोगशाळेच्या सरांना सांगून बाजूला व्हायला हवं होतं. नाही झाले. एक द्यावा की दोन, असं वाटलं की त्या नंबरांना एक देत गेले. प्रत्येक काचेत मला तुझंच पोट दिसत होतं रे. परवा सरांनी त्याच काचा दुसऱ्या माणसाकडून तपासून घेतल्या. साल खाल्लेल्या आणि न खाल्लेल्या उंदरांत फरक उरला, पण इतकासा, की त्याच्यावर उंदरानेसुद्धा गोळ्या सोडू नयेत. आज सरांना सगळं सांगितलं. नोकरीचं काय व्हायचं ते होईल. तुझ्या डॉक्टरांशी तुझी बायको बोलली आहे: गोळ्या आजपासून चालू करायच्या आणि उद्या दहाला त्यांना दाखवायचं. मी दुपारपर्यंत पोचते. त्या वेळी खरं सांगायला मला संध्याकाळ झाली, या वेळी दोन महिने लागले. गोळ्यांचं पाकीट तुझ्या बायकोच्या हातात आहे. पेलाभर पाणी घे आणि गोळी गीळ, बारक्या. पोटात झाड येत नाही.

तुझीच,
धपाटे खायला निघालेली ताई