मऊ पडलेला डोळा

शिरोली, जानेवारी १९९९

प्रिय संघप्रिया,

जयभीम. लिहितोय तुझा बाप, बोलतेय मी. अक्षर वाकडं आलं तर त्याचं, बोलणं वाकडं आलं तर माझं.

माझं काचबिंदूचं ऑपरेशन झालं. आधी म्हणत होते, डोळ्यातला दाब फार वाढलाय. आता म्हणतात, फारच उतरलाय. सायकलची थोडी हवा सोडायला जावं आणि टायर रिमला बसावा, तशी गत. डोळा मऊ पडला, आत मागच्या पडद्याखाली पाणी साठलं. दाराची चौकट नागमोडी दिसते. तुझी आई त्यात उभी राहिली की नाचल्यासारखी वाटते. तिला तसं सांगितलं, तर रुसली.

बघायला येणाऱ्यांनी तर वैताग आणलाय. घरी आल्या आल्या मी सवयीनं बुद्धाच्या फोटोपुढं कपाळ जमिनीला टेकवलं. वाकू नका म्हणालेले, विसरले. झालं! जो येतो तो चहा पितो आणि म्हणतो, वाकलीस म्हणूनच डोळा गेला. अगं, बुद्ध काय डोळे काढून घेतो व्हय? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वाकू नकाच, पण हे वाकल्यानं झालेलं न्हाई. या ऑपरेशननंतर काहींना होतं. थेंब चालू आहेत, ओसरलं न्हाई तर पाणी काढतील. तुझ्या बापानं हे अर्धंच ऐकलं. त्याच्या लेखी ऑपरेशन म्हणजे डोळा घालवणं.

आता याला का लिहायला बसवलाय, ते ऐक. मला दाखवायला नेलं त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी यालाही तपासलं. हा आजार रक्तातनं उतरतो म्हणे. बाहेर येऊन म्हणाला, माझं काही न्हाई. मी दाराशीच बाकावर होते. बिघडलाय तो माझा डोळा, कान न्हाई. यालाही काचबिंदू हाय, बराच पुढं गेलाय, ऑपरेशन लागणार. कडेचं दिसत न्हाई म्हणून घरात रोज डावा खांदा चौकटीला आपटतो, आणि फौंड्रीत जाऊन लोखंडाचा तापलेला रस ओततो! माझा डोळा बघून भ्यालाय, एवढा दांडगा गडी. माझं ऐकत न्हाई, तुझं ऐकेल. पुण्याहून रजा काढून ये आणि मनगटाला धरून ने त्याला. माझा एक बिघडला म्हणून त्यानं आपले दोन्ही घालवायचे, हा कुठला न्याय?

बघ, पेन थांबलं. लिही की धम्मपाल. मला अक्षरं येत न्हाईत, पण पाकीट बंद करण्याआधी शेजारच्या आक्काताईकडून सगळं वाचून घेणार आहे. हेही लिही.

तुझीच, सध्या एकाच डोळ्यानं दटावणारी,
आज्जी बयाबाई